स्वच्छ ऐकाय यायलंय

निपाणीला आमच्या घरात खूण होती. डाव्या तळहातावर उजव्या अंगठ्याने तंबाखू मळायची, की झालं निपाणी. बेळगाव म्हणायचं असेल तर कुंद्याचा तुकडा तोंडात टाकल्यासारखं करायचं. बंगळूरला मात्र खूण नव्हती, कारण तिकडे आमच्यापैकी कधी कुणी गेलंच नव्हतं. म्हणून त्या संध्याकाळी मी अण्णांसमोर उभी राहून आधी तंबाखू मळली, मग कुंदा खाल्ला, आणि मग हात लांबवत लांबवत पुढे दाखवत राहिले. अजून पुढे, अजून. हात दाराच्या चौकटीवर आपटला तेव्हा अण्णा हसायला लागले.

तिथे मला नोकरी लागली आहे, असं मी सांगितलं. माझ्या कामाची खूण त्यांनीच केलेली होती. कॉम्प्युटरवर चालवतात तशी दहाही बोटं मांडीवर टकटक वाजवायची. ती वाजवली आणि परत चौकटीकडे बोट दाखवलं. अण्णांचं हसू तसंच राहिलं, पण त्यांनी मान खाली घालून धोतराला नसलेली धूळ झटकली.

अण्णा म्हणजे माझे वडील, ईश्वर मुसळे. इचलकरंजीत जन्मभर कापडाच्या मागावर होते. कारखान्यात एकदा माग सुरू झाले की शेजारी उभ्या माणसाने बोंब मारली तरी ऐकू येत नाही, त्यामुळे तिथलं सगळं बोलणं हातांनी चालायचं. करंगळी मोडून दाखवली की तार तुटली. कपाळावर बोट ओढलं की मालक आले. सगळ्यांत जास्त चालायची ती एक खूण म्हणजे स्वतःच्या छातीवर हात ठेवायचा आणि हनुवटीने दाराकडे दाखवायचं. तुझे माग मी बघतो, तू जाऊन ये. कुणाला चहाला जायचं असो, कुणाची बायको बाळंत होवो, ही खूण मिळाल्याशिवाय माणूस मागावरून हलायचा नाही.

त्या आवाजात अण्णांचे कान हळूहळू गेले. मी शाळेत जायला लागले तोवर पार गेले. मग कारखान्यातली बोली घरात आली. आई शिकली, मी तर बोबडं बोलता बोलताच शिकले, आणि आमच्या गरजेनुसार आम्ही तिच्यात भर घालत गेलो. तोंडाने बोलणं अण्णांनी जवळजवळ सोडून दिलं. आपला आवाज मोठा होतोय की बारीक ते त्यांना कळायचं नाही, आणि एकदा देवळात ते भलतंच मोठ्याने बोलले तेव्हा लोक हसलेले त्यांनी पाहिलं होतं. कानाचं यंत्र आणलं, ते शिट्ट्या मारायचं, म्हणून रुमालात गुंडाळून बटणांच्या डब्यात गेलं. शाळा दुसरीत सुटलेली, सही तेवढी यायची. मी इंजिनिअरिंगला असताना आई गेली. अण्णांनी काम सोडलं, बरोबरीचे लोक पांगले. या जगात अण्णांशी चार वाक्यं सरळ बोलू शकेल असं माणूस आता एकच उरलं होतं, आणि ते बंगळूरला जायची गोष्ट करत होतं.

मी तेव्हा रोज एसटीने कोल्हापूरला जायचे. दूध संस्थांसाठी प्रोग्रॅम लिहिणारी छोटी कंपनी होती. गवळ्याने किती दूध घातलं, त्याला फॅट किती लागली, एवढंच आमचं जग. बंगळूरच्या कंपनीची मुलाखत कोल्हापुरातच झाली, तिथे त्यांनी मला एक कोडं घातलं. मी ते फळ्यावर सोडवायला लागले, आणि समोरची माणसं खुर्च्या पुढे ओढून बघायला लागली. माझ्याकडे असं आजवर कुणी बघितलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला जायचं होतं, फार जायचं होतं. पण अण्णांना तिकडे न्यायचं तर मी मुलींबरोबर खोलीत राहणार, आणि इथे निदान गल्ली त्यांना ओळखत होती, वाण्याला बोट दाखवलं की गूळ मिळत होता.

होय की नाही ते पुढच्या सोमवारी कळवायचं होतं. मी नाही म्हणून कळवणार आहे, असं मी अण्णांना सांगून टाकलं. का, असं त्यांनी विचारलं. मी माझे दोन्ही हात त्यांच्यासमोर धरले आणि परत चौकटीकडे दाखवलं. इतक्या लांबून हे कसे दिसणार तुम्हाला?

अण्णांनी अंगठा कानाला आणि करंगळी तोंडाला लावली. फोन. मला हसू आलं. बहिऱ्या माणसाने फोनचं नाव काढावं, म्हणजे कमाल झाली. तेव्हा त्यांनी चक्क तोंड उघडलं.

"फोनवर ऐकाय येतंय मला."

मग हातांनी समजावून सांगितलं. फोन कसा थेट कानात बसतो, आवाजाला दुसरीकडे पळायला जागाच राहत नाही. पारिसच्या दुकानातल्या फोनचा आवाज तर मोठाच आहे. परवा पारिसने सहज त्यांच्या कानाला लावला, तर पलीकडचा माणूस बोललेला सगळा कळला म्हणे. पारिस चौगुले म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान चालवणारे पारिसकाका. दुकानात पिवळ्या पाटीचा फोन होता, आणि गल्लीतल्या बाळंतपणापासून मयतापर्यंतची प्रत्येक बातमी त्या फोनवरून जायची यायची.

मी विश्वास ठेवला. जे ऐकायची आपल्याला आस असते तेच कुणी सांगितलं की आपण फार चौकशा करत नाही. तरी आम्हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या लोकांना एक खोड असते, लिहिलेलं गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी चालवून बघायचं. मी म्हटलं, रविवारी बघू या. मी स्टँडवरून फोन करते, तुम्ही पारिसकाकांच्या दुकानात थांबा. अण्णांनी मान डोलावली. त्या दोन-तीन दिवसांत मी मनातल्या मनात बंगळूरला एक खोलीसुद्धा लावून टाकली, तिला खिडकीही दिली.

रविवारी सकाळी स्टँडसमोरच्या बूथमधून मी नंबर फिरवला. पारिसकाकांनी उचलला, "देतो गं," म्हणाले. मग खरखर झाली आणि अण्णांचा आवाज आला.

"अलके."

"अण्णा, ऐकाय यायलंय काय?"

"यायलंय की. स्वच्छ ऐकाय यायलंय."

मी भिंतीला टेकले. मग विचारलं, दुपारी जेवायला काय करू.

"जेवायला वांगं कर," अण्णा म्हणाले. "मसाल्याचं."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. कितीतरी वर्षांनी मी वडिलांना तोंडाने काही विचारलं होतं आणि त्यांनी तोंडाने उत्तर दिलं होतं. तो आवाजही मला नवा होता. घरात तो कधीमधी एखादा शब्द टाकायचा, इथे तो चांगला सरसावून बोलत होता. मी विचारलं, तब्येत कशी आहे. ते म्हणाले, "बरी हाय." मी विचारलं, पारिसकाका काय करतायत. ते म्हणाले, "हितं पाऊस न्हाई अजून."

एवढ्याने मी थांबायला हरकत नव्हती. चुकून एखादं वाक्य निसटतंच, कुणाचंही निसटतं. पण कोल्हापुरात माझे एक साहेब होते, ते म्हणायचे, सगळं नीट भरून दिलं की प्रोग्रॅम चालतोच, त्यात काय नवल. काहीच न भरता बटण दाबून बघ, मग त्याचं खरं रूप कळतं. ती खोड मला नडली. मी गप्प बसले. फोन कानाला तसाच धरला आणि एक शब्द बोलले नाही.

"व्हय," अण्णा म्हणाले.

मी गप्पच.

"बरं, बरं." मग थोडं थांबून, "त्ये बी खरंच हाय की." मग ते हसले. कुणीतरी काहीतरी गमतीचं बोलल्यावर हसतात तसे. "न्हाई, न्हाई, माझी काळजी नगं. तू जा बिनघोर. दर ऐतवारी हितं येतो मी. सगळं कळतंय बघ मला, एक शब्द चुकंना."

समोर काचेवर मीटरचे लाल आकडे पळत होते आणि बूथवाला माझ्याकडे बघत होता, की ही बाई पैसे भरून नुसती ऐकत काय उभी आहे. अण्णा माझ्या गप्प बसण्याला उत्तरं देत राहिले. दोन उत्तरांच्या मध्ये ते बरोबर एका वाक्याची जागा सोडत होते. मला ते सहन होईना. मी फोन ठेवून दिला.

परत येताना दुकानावरून यावंच लागतं. अण्णा घरी गेले होते. पारिसकाका तराजूवरची साखर पुडीत ओतत होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"तू ठिवल्यावरबी बोलत हुता," ते म्हणाले. "मी हाताला धरलं तवा थांबला."

पुडीला दोरा गुंडाळत गुंडाळत त्यांनी बाकीचं सांगितलं. गेले कितीतरी दिवस अण्णा मी कोल्हापूरला गेल्यावर दुकानात येऊन पोत्यावर बसत होते. फोनला माणूस आला की त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. माणूस किती बोलतो, किती थांबतो, कधी मान हलवतो, कुठे हसतो. माग कसा चालतो ते नवा माणूस शेजारी उभा राहून शिकतो, तसंच. पारिसकाकांनी त्यांना खुणेनं विचारलं, हे काय चाललंय. अण्णा म्हणाले, पोरगी जाणार आहे, फोनवर काय बोलायचं असतं ते सांग. मग काकांनी मोडक्यातोडक्या खुणांनी, एकेक गोष्ट चारचारदा दाखवून त्यांना शिकवलं. आधी सगळे विचारतात ऐकू येतंय का, मग जेवणाचं, मग तब्येतीचं, मग पावसाचं.

"पण नोकरीचं मला परवा कळलं," मी म्हटलं. "त्याआधी त्यांना कसं कळलं?"

"मुलाखतीवरनं आलीस न्हवं, त्या दिवशी तुझं तोंड बघितलं म्हणं त्यानं." पारिसकाकांनी पुडी बाजूला ठेवली. "मी सांगितलं म्हणू नगंस, अलका. एवढं एक कर."

घरी आले तर अण्णा परातीत पाणी घेऊन वांगी चिरत बसले होते. येताना घेऊनच आले होते. मला बघताच त्यांनी सुरी खाली ठेवली, ओले हात धोतराला पुसले, आणि कानाला बोट लावून भुवया उंचावल्या. कसं काय? शाळेतून पहिला नंबर घेऊन आलेल्या पोरासारखं त्यांचं तोंड झालं होतं.

मी तिथेच सगळं सांगू शकले असते. मग अण्णांनी मान खाली घातली असती, मी सोमवारी नाही म्हणून कळवलं असतं, आणि आपल्या कानांपायी पोरगी अडली हे त्यांनी उरलेला सगळा जन्म रोज एसटीच्या वेळेला बघितलं असतं. मी गेले तर त्यांच्याशी बोलणारं कुणी उरत नव्हतं. मग मी बोटं कानाजवळ नेली आणि तळहात साफ पुसून दाखवला. स्वच्छ. माझ्या हातांनी त्यांना सांगितलेलं ते पहिलं खोटं.

महिन्याभराने मी निघाले. गाडी सुटताना आजूबाजूचे लोक काचेवर थापा मारून ओरडत होते आणि आतल्यांना काही कळत नव्हतं. आमची तेवढी अडचण नव्हती. अण्णा खाली उभे होते. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि हनुवटीने रस्त्याकडे दाखवलं. तुझे माग मी बघतो, तू जाऊन ये. गाडी वळेपर्यंत त्यांनी तो हात छातीवरून काढला नाही.

मग दर रविवारी आमचा फोन सुरू झाला. एक गोष्ट मी पाळली, आपण आधी ठेवायचा नाही. अण्णा बोलून झालं की "ठिवतो गं" म्हणायचे, तोवर मी थांबायचे. त्यांच्या बोलण्याचा क्रम मला पाठ झाला होता, आणि त्या मधल्या जागांत बसतील अशी वाक्यं मी टाकायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, बापलेकीच्या काय छान गप्पा चालल्या आहेत. दिवाळीला घरी गेले की आम्ही हातांनी पोटभर बोलायचो, फक्त फोनचा विषय दोघंही काढत नव्हतो. आता मोबाईलवर माणूस समोर दिसतो, हातवारे दिसतात. ते यायच्या आधीच अण्णा गेले. रस्त्यात कुणी मोबाईल समोर धरून हात हलवत बोलताना दिसलं की मला अजूनही तिथून लवकर निघून जावं लागतं.

बंगळूरला जाऊन दोन-तीन वर्षं झाली तेव्हा माझं लग्न ठरलं. सांगलीकडचा मुलगा, तोही बंगळूरलाच नोकरीला. मला आवडला होता. अण्णांना दाखवायला नेला तेव्हा अण्णांनी त्याला मागावरच्या दोन खुणा शिकवल्या होत्या आणि त्याने त्या लगेच करून दाखवल्या होत्या. साखरपुड्याची तारीख धरली. मग एका शनिवारी तो मला भेटायला आला आणि खाली बघून म्हणाला, घरचे म्हणतात, बहिरेपण तुमच्या घराण्यात आहे, उद्या मुलांना आलं तर. मी सांगितलं, ते मागाच्या आवाजाने आलंय, कुणालाही येतं. तो म्हणाला, मला माहीत आहे गं, पण घरच्यांना कोण समजावणार. त्याला समजावायचं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. फोन केला नसता तर अण्णा दुकानात वाट बघत बसले असते. पारिसकाकांनी उचलला. त्यांना माझं रडणं ऐकू गेलं. काय झालं, काय झालं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी एवढंच म्हटलं, "लग्न मोडलं, काका. त्यांना आत्ता सांगू नका." काकांनी फोन अण्णांकडे दिला.

"अलके. यायलंय, स्वच्छ ऐकाय यायलंय." नेहमीचाच उत्साह होता. "जेवलीस काय? मी बी जेवलो." मी हमसून हमसून रडत होते. "छान, छान," अण्णा म्हणाले. "असंच हसत ऱ्हा. हितं पाऊस हाय चांगला. पत्रिका छापाय टाकूया म्हणतोय पारि–"

ते मध्येच थांबले. असे ते कधी थांबत नसत. दुकानातला आवाज तेवढा येत होता, कुणीतरी तेल मागत होतं.

"अलके," ते म्हणाले, आणि आवाज एकदम बारीक झाला. "पारिसच्या डोळ्यात पाणी का आलंय?"

मी रडायची थांबले.

"काय सांगितलंस त्याला? काय झालंय?" आणि मग, "मला सांग. मी ऐकतोय."

इतक्या वर्षांत अण्णांनी फोनवर मला विचारलेला तो पहिला खरा प्रश्न होता. ऐकू येणाऱ्या बापाला मी ते कधीच सांगितलं नसतं. पण अण्णांना मी सगळं सांगितलं. मुलगा काय म्हणाला ते. अण्णा, त्यांना तुमचे कान नडले, असंही म्हटलं. मला तो आवडत होता, हे म्हटलं. स्टँडसमोरच्या बूथमध्ये मी गप्प उभी होते, हेही सांगितलं, आणि मला घरी यायचंय, मला कुणाशी तरी हातांनी बोलायचंय, असं किती वेळा म्हटलं कोण जाणे. अण्णांनी एकदाही मध्ये "व्हय" घातलं नाही. "बरं" म्हटलं नाही. फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

माझं बोलणं संपलं, तरी ते तसेच थांबून राहिले. मी संपवलंय हे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता, आणि मला ते कळवायला. आम्ही दोघंही फोन कानाला धरून उभे होतो. मला आधी ठेवायचा नव्हता.

बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, "ऐकलं बघ सगळं. स्वच्छ."